कोलंबी चालत नाही, तरी टोकियोत काय काय खाल्लं : कोन्बिनीचा रिव्ह्यू

टोकियोला येणाऱ्या प्रत्येकाला त्सुकिजीच्या मासळीच्या मार्केटला जायचं असतं, जा की, बघायला मस्तच आहे, पण तुम्हाला माझ्यासारखी कोलंबी-खेकड्याची अ‍ॅलर्जी असेल आणि तरीही इथले लोक खातात ते सगळं अचाट खाऊन बघायची हौस असेल तर माझं सरळ मत आहे की कोपऱ्यावरच्या कोन्बिनीत, म्हणजे पाकीटबंद खाणं मिळणाऱ्या छोट्या दुकानात, शिरा. सेव्हन-इलेव्हन, लॉसन, फॅमिलीमार्ट, जे समोर दिसेल ते. कारण एकच, तिथे पाकीट असतं आणि पाकिटाला मागची बाजू असते.

माझं माहेर रत्नागिरीचं, म्हणजे घरात सुकट, सोडे, जवळा भरून ठेवल्याशिवाय पावसाळा निघत नाही, आणि मला मात्र कोलंबीच्या कालवणाचा चमचा दुसऱ्या भाजीत बुडाला तरी ओठ सुजतात आणि घसा आवळतो. "अगं चिमूटभर जवळा घातलाय, तेवढ्याने काय होतंय" हे मावशी, आत्या, काकू सगळ्यांनी ऐकवून झालंय. चिमटीनेच होतं हो! त्यामुळे नवऱ्याच्या नोकरीमुळे टोकियोतल्या निशि-कासाईला राहायला आलो तेव्हा सगळ्यांना वाटलं ही आता तिकडे वरण-भातावरच दिवस काढणार.

उलटंच झालं. इथे पाकीटबंद खाण्यावर ठराविक अ‍ॅलर्जीचे पदार्थ छापणं कायद्याने सक्तीचं आहे. सुरुवातीला यादीत अंडं, दूध, गहू, कुट्टू म्हणजे त्यांचा तो सोबा, आणि शेंगदाणे एवढंच होतं, २००८ मधे कोलंबी आणि खेकडा आले, २०२३ मधे अक्रोड आला तेव्हा आठ झाले. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे "यात अमुक असू शकतं" अशी मोघम पळवाट कंपन्यांना चालत नाही, असेल तर आहे म्हणून लिहा. त्याच फॅक्टरीत कोलंबीचे पदार्थ बनत असतील तर तसं वेगळं वाक्य असतं. जपानी येत नसलं तरी अडत नाही, अ‍ॅलर्जीच्या ओळीत एबी (कोलंबी) आणि कानी (खेकडा) हे हिरागाना या सोप्या जपानी लिपीत छापतात, दोन-दोन अक्षरं, एका संध्याकाळी पाठ होतात. फोनचा कॅमेरा भाषांतर करतो पण माझा त्याच्यावर भरवसा नाही, मला एकदा त्याने चिकनच्या पाकिटावर "आनंदी पक्षी" असं काहीतरी दाखवलं होतं.

आता खाण्याचं. ओनिगिरी म्हणजे भाताचा तिकोनी गोळा, साधारण दीडशे-दोनशे येन, प्लास्टिकवर १-२-३ आकडे असतात त्या क्रमाने ओढायचं की नोरीचा म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा कागद कुरकुरीतच्या कुरकुरीत भाताला येऊन बसतो, ही डिझाइन ज्याने केली त्याला साष्टांग नमस्कार. उमेबोशीची म्हणजे खारवलेल्या जपानी फळाची घ्या, आंबट-खारट, आपल्या लिंबाच्या खारासारखी, प्रवासात तोंडाला चव येते. मेंताइको म्हणजे मिरचीत मुरवलेली गाबोळी, फुकुओकाची खासियत, कोकणातल्या माणसाला लगेच पटते. इकुरा म्हणजे साल्मनची अंडी, दाताखाली फटाफट फुटतात, जरा महाग पण एकदा तरी खाच. एबी-मायो नावाची ओनिगिरी ट्यूना-मायोच्या शेजारीच मांडलेली असते आणि दोघींचे रंग-बिंग घाईत सारखेच वाटतात, तिथे मात्र डोळे उघडे ठेवा.

नट्टोबद्दल लोक उगाच नाटकं करतात. आंबवलेलं सोयाबीन, झाकण काढायचं, वरचा पातळ प्लास्टिकचा कागद काढायचा, सोबतची सॉसची आणि मोहरीची पुडी ओतायची आणि चॉपस्टिकने घोटत राहायचं, मग ज्या तारा सुटतात त्या हनुवटीपासून कोपरापर्यंत कुठेही चिकटतात. वास उग्र, चव मात्र चांगली, गरम भातावर तर फारच. नवरा अजून त्या खोलीत बसत नाही. (नट्टोचीही अ‍ॅलर्जी असते बरं का, आणि ती खाल्ल्यावर अर्ध्या दिवसाने उठते, सर्फिंग करणाऱ्यांमधे जास्त सापडते कारण जेलीफिश डसून-डसून शरीर ज्या पदार्थावर बिथरतं तोच नट्टोच्या तारांमधे असतो. जग अजब आहे.)

चिकुवा म्हणजे माशाच्या लगद्याची भाजलेली नळी, त्याच्या मागे काय लिहिलेलं असतं माहितीये? "कच्च्या मालातले मासे कोलंबी व खेकडे खातात." म्हणजे माशाने काय खाल्लं तेही! नोरीवर असतं की ही जिथून काढली तिथे कोलंबी-खेकडे राहतात. पहिल्यांदा वाचून मी दुकानातच हसत सुटले. माझ्या डॉक्टरांनी अशा सूचनेचं मला चालेल म्हणून सांगितलंय, तुमचं तुमच्या डॉक्टरांना विचारा, आणि एपिपेन, म्हणजे तातडीचं इंजेक्शन, पर्समधे असूच द्या, इथे अँब्युलन्सचा नंबर ११९.

कोन्बिनीचं न आवडलेलं म्हणजे काउंटर. गरम काचेच्या पेटीतलं कारागे म्हणजे तळलेलं चिकन, हिवाळ्यात ओदेनच्या म्हणजे रश्शाच्या पातेल्यात एकत्र उकळणारा मुळा, अंडं, कोन्याकू (कंदाची जेली), सगळं खमंग दिसतं पण हातात देतात तेव्हा लेबल नाही, तळणीचं तेल कशाकशाचं आहे ते पार्टटाइम करणाऱ्या पोराला कुठून माहीत असणार. हॉटेलांनाही ही लेबलची सक्ती लागू नाही. एका मार्केटमधल्या स्टॉलवर मी अ‍ॅलर्जीचं कार्ड दाखवलं तर काकांनी वाचलं, मान डोलावली, आणि ज्या सुरीने कोलंबी सोलत होते तीच पुसून माझ्या ट्यूनाकडे वळले. मी हात जोडून निघाले.

किड्यांची हौस असेल तर थांबा जरा. मुजी या जपानी दुकानांच्या साखळीने २०२० मधे नाकतोड्याच्या जातीच्या किड्याची, म्हणजे रातकिड्याची पूड घालून सेनबेई म्हणजे कुरकुरीत चकत्या काढल्या, नागानोकडे तर टोळ सोया सॉस आणि साखरेत शिजवून खातात, पण किडे आणि कोलंबी अ‍ॅलर्जीच्या हिशेबाने एकाच घराण्यातले, प्रोटीन मिळतंजुळतं आहे, त्या सेनबेईच्या पाकिटावरही कोलंबी-खेकड्यासारखे घटक आहेत असा इशारा होता. नवऱ्याने खाल्ली, म्हणाला सोड्यासारखी लागते. म्हणजे बघा.

एकूण पाचपैकी चार, एक स्टार काउंटरला कापला. पण तुमची अ‍ॅलर्जी कालवं, तिसऱ्या, शिंपल्यांची असेल तर माझे हे चार स्टार धरू नका, ती सक्तीच्या यादीत नाहीत, माकूल आणि अबालोनी (एक समुद्री गोगलगाय) नुसत्या ऐच्छिक यादीत आहेत आणि ऑक्टोपस-कालवं तर तिथेही नाहीत, तेव्हा घटकांची पूर्ण यादी वाचावी लागेल. कोलंबीवाल्यांनीही क्रिल, आमी आणि शाको यांच्याकडे लक्ष द्या, दिसायला कोलंबीचीच भावंडं पण कायद्याच्या एबीमधे मोजत नाहीत. किमचीत, म्हणजे कोरियन लोणच्यात, आमी बऱ्याचदा असते.