ऑर्किडसाठी पाइनची साल की स्फॅग्नम मॉस?

नाशिकच्या घरांतल्या फॅलेनॉप्सिस ऑर्किडच्या कुंडीत भरायला आमची पसंती पाइनच्या सालीलाच. १ ते २ सेंटिमीटरचे तुकडे घ्या, चाळून भुसा काढा आणि २४ तास भिजवा. नव्या कोरड्या सालीवरून पाणी नुसतं ओघळून जातं. स्फॅग्नम मॉस, म्हणजे वाळवलेलं शेवाळ, स्वतःच्या कोरड्या वजनाच्या १५-२० पट पाणी धरतं. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात हे वरदानच, पण श्रावणाच्या झडीत ते सुकतच नाही आणि मुळं कुजतात. दाबून भरलं असेल तर हमखास. बोअरचं जड पाणी घातलं तर मॉसमध्ये क्षारही साठतात. मुळं गमावलेल्या झाडाला मात्र मॉसच द्या, अगदी सैल भरून. साल साधारण २ वर्षांत भुसभुशीत होते, मग बदलावीच लागते.