तीन दिवसांत खाज बंद!

आषाढात कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, काम म्हणजे दिवसभर अंगावर ओले कपडे. जांघेत गोल चट्टा उठला. कड लाल, मध्ये साफ. गजकर्ण.

गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एक जण गोणपाटावर मुळ्या, तेलं आणि पांढऱ्या मलमाच्या डब्या मांडून बसला होता. "शुद्ध जडीबुटी, भाऊ. तीन दिवसांत खाज बंद, नाहीतर पैसे परत." दीडशे रुपये. डबीवर नाव नाही, पत्ता नाही.

खाज दुसऱ्याच रात्री थांबली! मी एवढा खूश की आणखी दोन डब्या आणल्या आणि एक मेव्हण्याला दिली. मलम बंद केलं की चारआठ दिवसांत खाज परत यायची, आधीपेक्षा जोरात. मग पुन्हा मलम. गणेश चवथीपर्यंत चट्टे पोटावर आले, बायकोलाही झालं. टॉवेल एकच वापरत होतो ना.

शेवटी बांबोळीला सरकारी हॉस्पिटलात गेलो. डॉक्टरबाईंनी कातडीचा कोंडा खरवडून काचेवर घेतला. सूक्ष्मदर्शकात बुरशीचे धागे दिसले. मांडीवरचे जांभळट वळ बघून त्यांनी लगेच विचारलं, "कसलं मलम लावत होता?" ते वळ स्टेरॉइडचे, असं त्यांचं म्हणणं. माझ्याकडे डबी उरली नव्हती, त्यामुळे तपासून घ्यायची सोय नाही.

त्यांनी सांगितलेलं मला पटलं. बुरशीच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल असतं, आपल्या पेशीत त्याजागी कोलेस्टेरॉल. टर्बिनाफाइन, इट्राकोनाझोल ही औषधं एर्गोस्टेरॉल तयार होऊ देत नाहीत, म्हणून मार बुरशीला बसतो. पण त्याला आठवडे लागतात. स्टेरॉइड बुरशीला हातही लावत नाही, फक्त आपल्या अंगाची आग आणि खाज दाबतं. चोर घरात तसाच आणि कुत्र्याचं तोंड मात्र बांधलेलं.

आणि हे फक्त बाजारातल्या डबीत नसतं. मेव्हण्याने नंतर फार्मसीतून चिठ्ठीशिवाय आणलेल्या ट्यूबवर बुरशीच्या औषधाशेजारी बारीक अक्षरात क्लोबेटासोल लिहिलेलं होतं. तेही स्टेरॉइडच. बीटामेथासोन, मोमेटासोन ही त्याचीच भावंडं. केटोकोनाझोल, क्लोट्रिमाझोल ही बुरशीची औषधं. नावं सारखीच वाटतात, म्हणून चष्मा लावून वाचा.

मला इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल मिळाल्या. जेवणानंतर घ्यायच्या, अ‍ॅसिडिटीची गोळी सोबत नको, नाहीतर औषध अंगात नीट मुरत नाही. बुरशीवरचं मलम चट्ट्याच्या कडेबाहेरही लावायचं, आणि कातडी साफ दिसली तरी सांगितलेले दिवस पुरे करायचे. बायकोवरही एकाच वेळी उपचार. टॉवेल वेगळे, कपडे उन्हात. पावसात ऊन आणायचं कुठून, ते मात्र बाईंनी सांगितलं नाही.

पुढच्या चवथीआधी माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळांच्या, बाजाराला गेलो तेव्हा गोणपाटवाल्याला शोधलं. त्या जागी एक बाई नारळ आणि सुपाऱ्यांचे घोस विकत होती. गजकर्ण गेलं, वळ अजून आहेत. मेव्हणा जेवायला येतो, पण मी काही हातावर ठेवलं की आधी विचारतो, "भावजी, हे कुठून आणलं?"