म्हापशातील व्हॉल्व्ह रेडिओ दुरुस्ती : कामाला साडेचार तारे, वेळेला दोन

पोर्तुगीज अमदानीत गोव्यात आयात मालाला आडकाठी कमी होती, त्यामुळे १९६१ पूर्वीचे, काचेच्या नळ्यांवर (व्हॉल्व्हवर) चालणारे जर्मन रेडिओ इथल्या जुन्या घरांत अजूनही सापडतात. आमच्या डिचोलीच्या घरी असे दोन आहेत. पावसाळा संपल्यावर ते मी म्हापसा बाजारामागच्या गल्लीतील, पाटीसुद्धा नसलेल्या एका दुरुस्तीच्या दुकानात नेले.

पहिल्याचा आवाज फाटत होता. मिस्त्रींनी तो थेट २३० व्होल्टवर न लावता शंभर वॅटच्या बल्बमधून वीज देणाऱ्या सिरीज बोर्डवर लावला. आत शॉर्ट असता तर बल्ब लख्ख पेटला असता आणि ट्रान्सफॉर्मर वाचला असता. मग ईएल ८४ या आउटपुट (स्पीकर चालवणाऱ्या) व्हॉल्व्हच्या ग्रिडवर, म्हणजे सिग्नल आत येणाऱ्या टोकावर, मीटर धरला, तर जिथे जवळजवळ शून्य हवे तिथे ६ व्होल्ट निघाले. सिग्नल पुढे सोडून डीसी व्होल्टेज अडवणारा मेणकागदाचा कपलिंग कंडेन्सर लीक झाला होता, आणि तसाच चालवला असता तर व्हॉल्व्हची प्लेट लाल होऊन आउटपुट ट्रान्सफॉर्मरही गेला असता.

खरे कौतुक पुढचे आहे. व्हॉल्व्ह काढलेले असल्याने चार्ज ओढणारे कोणी उरले नव्हते, त्यामुळे प्लग काढून दोन मिनिटे झाली तरी चार्ज साठवणाऱ्या फिल्टर कंडेन्सरवर मीटर दोनशेच्या वरच होता. घरी मी अशा वेळी स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून मोकळा होत असे. त्यांनी क्लिपा लावलेल्या जाड रेझिस्टरमधून चार्ज उतरवला आणि काटा शून्यावर टेकल्यावरच आत हात घातला.

दुसरा सेट ट्रान्सफॉर्मर नसलेला, एसी-डीसी प्रकारचा. त्याला मोबाईलसाठी जॅक बसवून हवा होता. त्यांनी साफ नकार दिला. अशा सेटची चासी (आतला धातूचा सांगाडा) मेनच्या एका तारेलाच जोडलेली असते, आणि दोन पिनांचा प्लग उलटा बसला की फेज चासीवर येऊन जॅकवाटे थेट हातातल्या मोबाईलपर्यंत पोहोचतो.

तक्रारी आहेतच. दोन आठवड्यांचा वायदा सात आठवड्यांवर गेला आणि फोन कधी उचलला गेला नाही. स्टेशन नीट लागल्याचे दाखवणारा हिरवा डोळा मंदच राहणार, हे रेडिओ परत घेतानाच कळले. २८०० रुपये दिले, पावती मिळाली नाही. काढलेले कंडेन्सर मात्र पिशवीत घालून परत मिळाले. दुसरा सेट अजून तिथेच आहे, आणि सेटला मेनपासून वेगळा ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर वाइंड होऊन येईपर्यंत कोणी लावू नये म्हणून त्याच्या पाठीवर खडूने मोठी फुली मारलेली आहे.