इमिग्रंट हेल्पलाइन, वर्षभराच्या वापरानंतर: सगळं झकास, फक्त तो 'नो कॉलर आयडी' सोडून

काल हेल्पलाइनचा परत तोच मेसेज आला. तुम्हाला फोन केला होता, उचलला नाही, म्हणून केस क्लोज. म्हणजे परत रांगेत सगळ्यात मागे, परत तीच जन्मतारीख, परत तोच पत्ता. डोकं फिरलं म्हणून लिहायला बसलोय. पण आधीच सांगून ठेवतो, सर्व्हिस वाईट नाहीये. उलट कोविडच्या काळात अमेरिकेत आम्हाला फुकटात जी काही खरी मदत मिळाली ती इथूनच, आणि म्हणून तर जास्त चिडचिड होते.

बाहेरून आलेल्यांना व्हिसा, आजारपण, भाडं असल्या अडचणींत फोनवर फुकट मदत करणारी ही हेल्पलाइन, जास्त सांगत बसत नाही, एच-वनवाल्यांच्या (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या) प्रत्येक व्हॉट्सॅप ग्रुपवर ते फ्लायर फिरलंय. नाव मुद्दाम लिहीत नाही, छोटी संस्था आहे आणि निम्मी माणसं व्हॉलंटियर आहेत.

आमची केस अशी की मी एच-वनवर, बायको एच-फोरवर (जोडीदाराचा व्हिसा), मुलगी इथे जन्मलेली, आणि मार्च २०२० मध्ये विमानं बंद झाली तेव्हा आई व्हिजिटर व्हिसावर आमच्याकडे अडकलेली. अडकलेल्यांना भारतात परत नेणारी वंदे भारतची विमानं मे महिन्यात सुरू झाली पण आईचा नंबर काही लागेना आणि तिची आय-९४ ची तारीख, म्हणजे इथे राहायची मुदत, जवळ यायला लागली. एका वकिलाला विचारलं तर नुसतं बोलायचेच अडीचशे डॉलर, वर मुक्काम वाढवायच्या फॉर्मची फी ३७० आणि बायोमेट्रिक्सचे (बोटांचे ठसे, फोटो) ८५ वेगळे. आता फी सरकारची आहे, ती कोणालाच चुकत नाही, पण अडीचशे कशाचे, "फॉर्म वेळेत भरा" एवढं सांगायचे? हेल्पलाइनवरची बाई वकील नव्हती पण जस्टिस डिपार्टमेंटची मान्यता असलेली होती (इथे अशी माणसं इमिग्रेशनच्या केसेस रीतसर घेऊ शकतात, कित्येकांना हे माहीतच नसतं) आणि तिने तो फॉर्म, आय-५३९, माझ्याकडून फोनवर ओळीओळीने भरून घेतला. रद्द झालेल्या तिकिटाची कॉपी लाव, बँक स्टेटमेंट लाव, आईला राहायचं का आहे ते एका पानात साध्या भाषेत लिही, आणि काही झालं तरी तारखेच्या आत पोचव. इमिग्रेशनची ऑफिसं १८ मार्चपासून ४ जूनपर्यंत लोकांसाठी बंदच होती, त्यामुळे बायोमेट्रिक्स लांबणार हे तिने आधीच सांगितलं होतं. तसंच झालं. पण अर्ज वेळेत गेलेला असल्यामुळे आईला काही त्रास झाला नाही.

सगळ्यात भारी अनुभव मात्र टेस्टच्या वेळचा. आईला खोकला सुरू झाला, तिचा व्हिजिटर इन्शुरन्स तोवर संपलेला, आणि मला आपली ती नेहमीची धास्ती की सरकारी मदत घेतली की पब्लिक चार्जमध्ये, म्हणजे सरकारवर भार ठरणाऱ्यांत, अडकणार आणि पुढे ग्रीन कार्डला लफडं होणार. तो नवा नियम फेब्रुवारी २०२० मध्येच लागू झाला होता ना, लोक नुसते घाबरून होते. हेल्पलाइनने सांगितलं की इमिग्रेशनने मार्चमध्येच जाहीर केलंय, कोविडची टेस्ट, उपचार, पुढे लस आली तर ती, ह्यातलं काहीही त्यात धरणार नाहीत. आणि इन्शुरन्स नसलेल्यांच्या टेस्टचे पैसे तेव्हा क्लिनिकला केंद्राच्या फंडातून मिळायचे, व्हिसाचं स्टेटस कोणी विचारायचं नाही. खरंच कोणी विचारलं नाही.

पण भारी गोष्ट ती नाही. क्लिनिकच्या नर्सने हेल्पलाइनकडून फोनवर मराठी इंटरप्रिटर घेतला आणि मला खोलीबाहेर जायला सांगितलं. मी म्हटलं अहो मी आहे ना सांगायला, तर म्हणाली नाही, तुम्ही बाहेर थांबा. जरा रागच आला. टेस्ट निगेटिव्ह आली, खोकला साधाच निघाला, पण मग नर्सने आईला विचारून मला आत बोलावलं आणि कळलं की ही बाई बीपीची गोळी महिनाभर एक दिवसाआड घेत होती. भारतातून आणलेला साठा संपत आला होता आणि "तुमच्या डोक्याला आधीच काय कमी ताप आहेत" म्हणून आम्हाला बोलली नाही. फोनवरच्या कोण कुठल्या परक्या माणसाला मात्र पाच मिनिटांत सांगून टाकलं. तिथल्या तिथे प्रिस्क्रिप्शन मिळालं, जेनेरिक गोळी, अगदी स्वस्तात.

आता मूळ दुखण्यावर येतो. ह्यांचा कॉलबॅक 'नो कॉलर आयडी' म्हणून येतो. दर वेळी. नंबर नाही, नाव नाही, काही नाही. एकदा वाजतो, उचलला नाही तर व्हॉइसमेल नाही आणि केस क्लोज. अरे, अमेरिकेत इमिग्रंट माणूस अनोळखी फोन उचलतो का? "तुमचा सोशल सिक्युरिटी नंबर सस्पेंड झालाय", "इमिग्रेशनमधून बोलतोय, वॉरंट आहे, गिफ्ट कार्डावर पैसे भरा", हे फोन कोणाला आलेले नाहीत? सगळे एकमेकांना सांगतात की असले फोन उचलू नका, आणि तेच लोक ज्यांच्यासाठी हेल्पलाइन काढली त्यांना तुम्ही छुप्या नंबरवरून फोन करता! त्यात आयफोनवर अनोळखी नंबर गप्प करायचं सेटिंग मी स्वतः सगळ्यांना चालू करून दिलेलं. म्हणजे फोन आलेला कळतच नाही.

हे मी त्यांना फीडबॅकच्या फॉर्ममध्ये लिहून लिहून थकलो. मग एकदा एका व्हॉलंटियरलाच विचारलं, तर तो म्हणाला लॉकडाउनपासून ऑफिस बंद आहे, सगळे घरून आपापल्या फोनवरून कॉल करतात, आणि स्वतःचा नंबर लोकांकडे जाऊ नये म्हणून आधी स्टार ६७ दाबतात. बरं, हे पटलं. एखाद्याच्या घरच्या फोनवर रात्री दोनला पन्नास जणांनी कॉल करावा असं मलाही वाटत नाही. इथपर्यंत मी सरळ एक स्टार देणार होतो, तो विचार सोडला. पण मग गूगल व्हॉइसचा नंबर घ्या ना, चकटफू मिळतो. नाहीतर निदान पाच मिनिटं आधी एक टेक्स्ट टाका की आता फोन येतोय. ह्याला काय फंडिंग लागतं?

आणि हे फक्त माझ्यासारख्या नोकरीवाल्याचं रडगाणं नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये बर्माहून आलेलं एक रेफ्युजी कुटुंब आहे. पब्लिक चार्जचा नियम रेफ्युजींना लागूच नाही, म्हणजे कागदावर त्यांची बाजू आमच्यापेक्षा भक्कम, मदतीवर हक्क जास्त. पण घरात फोन एकच, प्रीपेड, व्हॉइसमेल कधी सेट केलेला नाही, आणि तो फोन घेऊन बाप वेअरहाउसच्या रात्रपाळीला जातो आणि दिवसा झोपतो. हेल्पलाइनचे कॉलबॅक दिवसा. भाड्याच्या मदतीची त्यांची केस अशीच क्लोज झाली. मग बायकोने त्यांच्या अर्जावर पर्यायी नंबर म्हणून आमचा टाकला. तेव्हापासून आमच्याकडेही छुपे फोन दुप्पट, पण काम झालं. त्या फोनवर त्यांचा दहा-अकरा वर्षांचा पोरगा इंटरप्रिट करायला लागला तर समोरच्या बाईने त्याला प्रेमाने थांबवलं, म्हणाली तू जा खेळायला, आणि बर्मी बोलणारा माणूस लाइनवर घेतला. अशा ठिकाणी ही माणसं खरंच शंभर नंबरी आहेत.

स्टिम्युलसचं, म्हणजे कोविडमध्ये सरकारने लोकांना वाटलेल्या पैशांचं, पण सांगायलाच हवं. बायकोकडे सोशल सिक्युरिटी नंबर नाही, आयटिन (फक्त टॅक्सपुरता नंबर) आहे, आणि आम्ही जॉइंट रिटर्न भरतो, म्हणून मार्च २०२० च्या कायद्यात माझा आणि मुलीचा नंबर असूनही अख्ख्या घराला भोपळा. मी तो विषय सोडूनच दिला होता. जानेवारी २०२१ मध्ये दुसऱ्याच कामासाठी फोन लागला होता तेव्हा तिथल्या माणसाने आपणहून सांगितलं की डिसेंबर २०२० च्या कायद्याने ते बदललंय, मागचं धरून. २०२० च्या रिटर्नमध्ये क्रेडिट मागा. पहिल्या फेरीचे माझे १२०० आणि मुलीचे ५००, दुसऱ्या फेरीचे दोघांचे सहाशे-सहाशे. एकूण २९०० डॉलर, एका फुकटच्या फोनवर! ज्यांच्या घरी जोडीदाराकडे आयटिन होता त्यांना २०२० चं रिटर्न भरताना हे मागता येत होतं, २०२१ मध्ये त्याची मुदत १७ मेपर्यंत होती.

तर पाचपैकी साडेतीन. इंटरप्रिटरला पाच, इमिग्रेशनच्या सल्ल्याला पाच, कॉलबॅकला शून्य. कालची केस लसीच्या अपॉइंटमेंटची होती, त्या रेफ्युजी कुटुंबाचीच, नवराबायको दोघांसाठी. आज सकाळी परत नोंदवली आहे, आणि आयफोनचं ते सेटिंग आमच्या घरात आता बंद आहे. तुम्हीही नंबर लावणार असाल तर तेवढे दिवस ते बंद ठेवा, आणि फॉर्ममध्ये पर्यायी नंबरची जागा अगदी खाली असते, ती रिकामी सोडू नका.