आठ महिने, १९ डाइव्ह : ऑलिम्पस टीजी-६, हाउसिंग आणि स्ट्रोबचा अनुभव

जळगावहून मालवण गाठायला एक रात्र आणि वर अर्धा दिवस लागतो, त्यामुळे आमच्यासारख्यांना पाण्याखालच्या छायाचित्रणाचा सराव दर रविवारी करता येत नाही. पुढचा अनुभव वाचताना ही मर्यादा लक्षात ठेवावी. गेल्या ऑक्टोबरात मी टीजी-६ कॅमेरा, त्याचे पीटी-०५९ हे हाउसिंग (कॅमेऱ्याभोवती बसणारी जलरोधक पेटी) आणि एक स्ट्रोब (पाण्याखाली वापरायचा वेगळा फ्लॅश) असा संच घेतला. मे अखेरपर्यंत मालवण, मुरुडेश्वरजवळचे नेत्राणी बेट आणि अंदमानातील हॅवलॉक, म्हणजे आताचे स्वराज द्वीप, असे मिळून त्याच्यासह १९ डाइव्ह झाले.

हा कॅमेरा मुळातच १५ मीटरपर्यंत पाणी सोसतो आणि हाउसिंग ४५ मीटरपर्यंत. ओपन वॉटर या स्कूबा डाइव्हिंगच्या प्राथमिक प्रमाणपत्रावर मला १८ मीटरच उतरता येते, मग हाउसिंगवर इतका खर्च कशासाठी, असा प्रश्न घरी विचारला गेला आणि तेव्हा माझ्याकडे त्याचे धड उत्तर नव्हते. उत्तर नेत्राणीला मिळाले. हाउसिंगचे झाकण पाणबंद करणाऱ्या ओ-रिंगवर, म्हणजे रबरी कड्यावर, एक केस राहून गेला होता. ११ मीटरवर हाउसिंगच्या तळाशी चमचाभर पाणी साठलेले दिसले, पण आतला कॅमेरा स्वतःच जलरोधक असल्यामुळे त्याला काहीही झाले नाही. हलगर्जीपणा माझा होता. साधा कॅमेरा असता तर त्या एका केसाची किंमत हजारोंत मोजावी लागली असती.

हाउसिंगची पहिली चाचणी मी समुद्रात नव्हे, तर चोपडा तालुक्यात मामांच्या विहिरीत घेतली. पावसाळ्यानंतर तिला भरपूर पाणी होते. रिकाम्या हाउसिंगमध्ये टिश्यू पेपर ठेवला आणि ते तरंगू नये म्हणून दोन किलोचे वजन बांधून दोरीने ४० फूट खाली सोडले. दर १० मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो, म्हणजे तेवढ्या खोलीवर एकूण दाब पृष्ठभागाच्या दुपटीहून अधिक होतो. अर्ध्या तासाने वर काढले तेव्हा कागद कोरडा होता. मामा शेजारी उभे राहून हा सगळा प्रकार पाहत होते आणि शेवटी त्यांनी विचारले, “मासा धराले जास का फोटू काढाले?”

रंगांच्या बाबतीत माझी अपेक्षा चुकीची होती. पाणी लाल रंग सर्वांत आधी शोषून घेते; पाचेक मीटर खाली गेल्यावर माझ्या फिन्सचे (पायांत घालायच्या वल्ह्यांचे) लाल पट्टे मळकट तपकिरी दिसू लागले. कॅमेऱ्यात उथळ, मध्यम आणि खोल पाण्यासाठी व्हाइट बॅलन्सचे, म्हणजे रंगांचा तोल सुधारण्याचे, तीन पर्याय आहेत आणि स्ट्रोबशिवाय ते बऱ्यापैकी काम करतात. पांढऱ्या स्लेटवरून स्वतः घेतलेला बॅलन्स मात्र मला अधिक विश्वासाचा वाटला, जरी खोली बदलली की तो पुन्हा घ्यावा लागतो. स्ट्रोब लावल्यावर हे पर्याय बंद करायचे असतात, ही गोष्ट मी विसरलो आणि एका संपूर्ण डाइव्हमधले मासे कुंकू उधळल्यासारखे लाल आले. तेव्हापासून मी फक्त रॉ स्वरूपातच, म्हणजे रंग नंतर संगणकावर सुधारता येतील अशीच, छायाचित्रे घेतो.

स्ट्रोबने मला सर्वाधिक छळले. मालवणच्या पाण्यात गाळाचे कण भरपूर असतात आणि लेन्सजवळून सरळ पुढे प्रकाश टाकला की मे महिन्यातल्या धुळीच्या वादळात मोटारीचे दिवे लावल्यासारखे होते : मासा बाजूला राहतो आणि पांढरे ठिपके तेवढे उजळतात. स्ट्रोब बाजूला लांब नेऊन किंचित बाहेरच्या दिशेला वळवल्यावर फरक पडला. शिवाय अपवर्तनामुळे पाण्यात वस्तू असते त्याहून सुमारे पाव अंतराने जवळ भासते. त्यामुळे डोळ्यांना मासा जिथे दिसतो तिथे नेम धरला, तर प्रकाश त्याच्या अलीकडच्याच पाण्यावर पडतो.

खरी अडचण मात्र उपकरणात नव्हतीच. कॅमेरा हातात येताच पाण्यात एका पातळीवर स्थिर तरंगण्याची माझी शिस्त मोडली. एरवी ४५ मिनिटे पुरणारी टाकीतली हवा ३२ मिनिटांत संपत आली, आणि हॅवलॉकला एका समुद्रफुलातल्या क्लाऊनफिशकडे पाहता पाहता माझी फिन प्रवाळाला लागता लागता राहिली. आपल्याकडे प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे; पण कायद्याची आठवण होण्याआधीच प्रशिक्षकांनी माझ्या हातातून कॅमेरा काढून घेतला आणि पुढचे दोन डाइव्ह मला एका खडकासमोर नुसते श्वासावर स्थिर राहायला लावले. त्या वेळी राग आला होता. त्यानंतरची छायाचित्रे पाहिली की तो निर्णय योग्य होता हे मान्य करावे लागते. जलतरण तलावात तळाशी नाणे ठेवून, श्वास रोखून केलेला सराव बटणे पाठ होण्यासाठी उपयोगी पडला, पण स्थिर राहणे तिथे शिकता आले नाही.

जवळून छायाचित्रे घेण्यात हा कॅमेरा उत्तम आहे. मायक्रोस्कोप मोडमध्ये तो लेन्सपासून एका सेंटिमीटरवरही फोकस करतो; इतक्या जवळ मात्र हाउसिंगचीच सावली पडते, म्हणून मी चार-पाच सेंटिमीटर मागे राहून झूम वापरतो. दूरचे दृश्य आणि अंधूक पाणी यांत त्याचा छोटा सेन्सर कमी पडतो, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. उथळ पाण्यात, डोक्यावर ऊन असताना स्क्रीन नीट दिसत नाही. दोन डाइव्हनंतर मी बॅटरी बदलतोच.

देखभालीत खानदेशची हवा आणि पाणी दोन्ही आडवे येतात. आमच्या बोअरवेलचे पाणी इतके जड आहे की खारे पाणी काढण्यासाठी हाउसिंग त्यात भिजवले, तर पोर्टवर, म्हणजे लेन्ससमोरच्या काचेवर, क्षारांचे पांढरे डाग उरतात. म्हणून शेवटची धुलाई फिल्टरच्या पाण्याने करतो. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावताना पंखा बंद ठेवतो, कारण उन्हाळ्यात इथे धूळ कोणत्या फटीतून येईल हे सांगता येत नाही. उलट कोकणात दमट हवेत हाउसिंग बंद केले की खाली गार पाण्यात पोर्टवर आतून वाफ धरते. त्यामुळे आदल्या रात्री एसीच्या खोलीत सिलिका जेलची पुडी टाकून ते बंद करावे.

पहिल्या वर्षी स्ट्रोब घेऊ नये, असे माझे मत आहे. कॅमेरा आणि हाउसिंग मात्र मी पुन्हा हेच घेईन. सध्या पावसाळ्यामुळे समुद्र बंद आहे, हाउसिंग ओ-रिंगवर दाब न देता कपाटात ठेवले आहे, आणि ऑक्टोबरात नवी ओ-रिंग बसवून दोरी पुन्हा मामांच्या विहिरीत सोडायची आहे.