‘श्वास घेणारी’ म्हणून साधी लेन्स गळ्यात मारतात, ती अशी

चष्म्याच्या दुकानात होणारी ही फसवणूक पाच मिनिटांत उरकते. गिऱ्हाईक सांगतं, संध्याकाळ झाली की डोळे लाल होतात, हवा पोचेल अशी कॉन्टॅक्ट लेन्स द्या. दुकानदार ड्रॉवरमधून पाकीट काढतो, ‘ही ऑक्सिजनवाली, ब्रीदेबल, 55 टक्के पाणी आहे हिच्यात’ असं सांगतो, सील स्वतःच फोडतो, लेन्स दोन खणांच्या डबीत टाकतो आणि वर सोल्युशनची छोटी बाटली फुकट देतो. बिलावर एवढंच लिहिलेलं असतं : कॉन्टॅक्ट लेन्स, 1 जोडी. पैसे घेतले सिलिकॉन हायड्रोजेलचे (सिलिकॉन असलेलं, ऑक्सिजन जास्त जाऊ देणारं मऊ प्लास्टिक), डोळ्यात गेली जुन्या पद्धतीची साधी हायड्रोजेल (पाणी धरून ठेवणारं मऊ प्लास्टिक, सिलिकॉन नसलेलं). खोकं गिऱ्हाइकाच्या हातात आलेलंच नसतं.

दोन्ही लेन्स दिसायला सारख्याच. बोटावर घेऊन फरक ओळखता येत नाही. उलट साधी हायड्रोजेल जास्त मऊ असते, त्यामुळे ‘घालून बघा, कळणारही नाही डोळ्यात काही आहे म्हणून’ हे दुकानदाराचं म्हणणं पहिल्या दिवशी खरंच वाटतं. पहिल्या दिवसाच्या आरामावरून लेन्सची पारख करू नका. ऑक्सिजन कमी पडल्याचं हळूहळू कळतं : रोज संध्याकाळी काळ्या बुबुळाच्या कडेनं लालसर कडं, दिव्यांभोवती वलयं, लेन्स काढून चष्मा लावला तरी काही वेळ धूसर. असंच चालू राहिलं तर कडेच्या बारीक रक्तवाहिन्या आत सरकू लागतात. कॉर्निया, म्हणजे डोळ्याची पुढची पारदर्शक काच, हिच्यात मुळात रक्तवाहिन्या नसतात. तिला ऑक्सिजन मिळतो तो हवेतून, अश्रूंच्या थरातून. त्या वाटेवरच लेन्स बसलेली असते.

पाण्याच्या टक्क्यांवर इथं सर्वात जास्त दिशाभूल होते, म्हणून ते नीट समजून घ्या. साध्या हायड्रोजेलमध्ये ऑक्सिजन पाण्यातून जातो. पण नुसत्या पाण्याचीच ऑक्सिजन नेण्याची क्षमता, जिला डीके म्हणतात, 80 च्या आसपास आहे. त्यामुळे 55 टक्के पाण्याच्या लेन्सचा डीके 20 च्या घरातच राहतो. सिलिकॉन हायड्रोजेलमध्ये ऑक्सिजन नेण्याचं काम मुख्यतः सिलिकॉन करतं. 1999 साली आलेल्या पहिल्या सिलिकॉन लेन्सांपैकी एकीत, लोट्राफिल्कॉन ए मध्ये, पाणी फक्त 24 टक्के होतं आणि डीके 140. म्हणजे ‘पाणी जास्त, म्हणून श्वास जास्त’ हे सिलिकॉनच्या बाबतीत साफ चुकीचं आहे.

विचारायचा आकडा मात्र डीके नाही, डीके बाय टी : डीके भागिले लेन्सची जाडी. होल्डन आणि मर्ट्झ या संशोधकांनी 1984 मध्ये दिवसा वापरासाठी 24 आणि रात्रभर वापरासाठी 87 ही किमान पातळी मांडली. पुढे 1999 मध्ये हार्विट आणि बोनानो यांनी ती 35 आणि 125 वर नेली. 55 टक्के पाण्याची ओक्युफिल्कॉन डी लेन्स 28 च्या आसपास असते. कमी नंबर असेल आणि चार-पाच तासच घालायची असेल, तर ती वाईट आहे असं आम्ही म्हणणार नाही. ती 150 ची म्हणून विकणं ही लबाडी आहे. सिलिकॉन लेन्सांचे डीके बाय टी असे असतात : सेनोफिल्कॉन ए 147, कॉम्फिल्कॉन ए 160, लोट्राफिल्कॉन बी 138. आणखी एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही : हे आकडे उणे 3 नंबरच्या लेन्सच्या मध्यभागाचे असतात. उणे 8 ची लेन्स कडेला जाड होते, अधिक (प्लस) नंबरची मध्यभागी. सिलिंडर नंबरची लेन्स फिरू नये म्हणून काही भागांत मुद्दाम जाड ठेवलेली असते. मोठा नंबर असणाऱ्यानं म्हणूनच काठावरच्या आकड्यावर समाधान मानू नये.

आता खोकं. सील फुटण्याआधी ते हातात मागून घ्या. नाही म्हणाले तर उठा. बाजूच्या पट्टीवर बेस कर्व्ह, म्हणजे लेन्सच्या आतल्या बाजूचा बाक (8.4, 8.6 असा), व्यास (14 च्या आसपास), नंबर, लॉट क्रमांक आणि मुदत असते. कुठंतरी बारीक अक्षरात पदार्थाचं नाव असतं, तेच शोधायचं. शेवटी ‘फिल्कॉन’ आहे म्हणून हुरळून जाऊ नका, साध्या आणि सिलिकॉन दोन्ही सॉफ्ट लेन्सांच्या नावात ते येतं. पॉलिमॅकॉन, ओक्युफिल्कॉन, एटाफिल्कॉन, हिलाफिल्कॉन या साध्या. पूर्ण नाव तिथंच मोबाइलवर शोधा, मिनिटभराचं काम आहे. भारतात लेन्स हे वैद्यकीय उपकरण आहे, त्यामुळे आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि परवाना क्रमांक हवा. आतल्या प्रत्येक पाकिटावरचा लॉट क्रमांक खोक्याशी जुळला पाहिजे. ‘विक्रीसाठी नाही’ असं छापलेली ट्रायलची पाकिटंही सुटी करून विकली जातात, तेही बघा.

लग्नसराईत पार्लरमधून मिळणाऱ्या रंगीत लेन्सांना ‘ब्रीदेबल’ म्हणतात तेव्हा जास्तच सावध राहा. त्यांतल्या बऱ्याचशा साध्या हायड्रोजेलच्या असतात, वर रंगाचा थर. नंबर शून्य असला तरी माप डोळ्यावर तपासून घ्यावंच लागतं.

‘श्वास घेते, घालून झोपलात तरी चालेल’ हे वाक्य तर सरळ धोक्याचं आहे. सिलिकॉन आल्यामुळे ऑक्सिजनच्या तक्रारी कमी झाल्या, पण लेन्स घालून झोपणाऱ्यांमधला कॉर्नियाचा जंतुसंसर्ग कमी झाला नाही. लेन्स घालून झोपल्यानं तो धोका अनेक पटींनी वाढतो. नळाचं पाणी लेन्सला लावू नका, महिन्याची लेन्स तीन महिने ओढू नका.

फसवलं गेल्याचा संशय आला तर लेन्स घालणं आधी थांबवा. दुखणं, उजेड सहन न होणं किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. लेन्स आणि डबी फेकू नका, सोबत न्या. लालीचे फोटो, बिल, यूपीआयची नोंद, दुकानदाराचे मेसेज जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवता येते, जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते. बिलावर लेन्सचं नाव आणि लॉट क्रमांक नसेल तर दुकानदार ‘आम्ही हीच दिली’ म्हणून कुठलंही खोकं पुढे करू शकतो, म्हणून या दोन्ही गोष्टी पैसे देण्याआधीच बिलावर लिहून घ्या.