गवंडीकामाचा क्लास, उचगाव : पोरं टिकतात, हे महत्त्वाचं

कळंब्याला आमची छोटी बांधकामं चालतात. नवीन पोरगं पहिल्याच उन्हात पळतं, हा कायमचा ताप. म्हणून या क्लासमधून दोघं घेतली. हात बऱ्यापैकी तयार आहे. भिंत उभी सरळ आहे का बघायचा ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन) डुलायचा थांबेपर्यंत वाट बघतात, वीट आधी भिजवतात, उभे सांधे एकावर एक येऊ देत नाहीत. जुन्या गवंड्यांनाही हे सांगावं लागतं राव! प्लास्टर मात्र कच्चं. भिंतीवर मारलेला निम्मा माल खाली.

खरं आवडलं ते सरांचं मागं लागणं. पोरं कामाला लागल्यावरही फोन चालूच: पगार वेळेवर मिळतो का, हेल्मेट-बूट दिलेत का. एकाला आमचा मुकादम दिवसभर नुसती घमेलीच उचलायला लावत होता. सर साईटवर येऊन तोंडावर बोलले. दुसऱ्या दिवसापासून पोराच्या हातात थापी.

बांधकाम कामगारांच्या सरकारी कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीला मागच्या 12 महिन्यांत 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तेही पोरांना पाठ.

तक्रार एकच: नकाशा समोर ठेवला की दोघं एकमेकांकडं बघतात. फी वाजवी आहे. पुढच्या बॅचमधली दोघं सांगून ठेवलीत. सेंट्रिंगवाला (स्लॅबसाठी फळ्या-टेकू लावणारा) हवा असेल तर मात्र इथं मिळणार नाही.